चादरीखालचा कॉर्सेट

बायकोने तो कॉर्सेट पहिल्यांदा घरी आणला तेव्हा मी त्याला हात लावला नाही. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून तिने तो त्यावर ठेवला आणि म्हणाली, "बघ, किती हलका आहे." मी हात मागे बांधूनच पाहिला. कुणा परक्या बाईचं आतलं वस्त्र माझ्या जेवणाच्या टेबलावर पडलं आहे, एवढंच मला दिसत होतं. ती बाई जाऊन कितीतरी दशकं झाली असतील, तरी मला अवघडल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग जेवायचं कुठे?"

"मांडीवर घेऊन," ती म्हणाली. "थोडे दिवस."

ते थोडे दिवस तिच्यासाठी काय होते हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर निदान अज्ञानाची सबब तरी सांगता आली असती.

मुंबईत ती एका संग्रहालयाच्या वस्त्रविभागात होती. जुनी कापडं धुणं, सांधणं, ती आणखी काही पिढ्या टिकतील असं बघणं, हेच तिचं शिक्षण आणि हेच काम. मग मला ऑकलंडला नोकरी लागली. "दोन वर्षं बघू, नाही जमलं तर परत," असं मी म्हणालो होतो. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आहे, आणि आम्ही ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुरात घर घेऊन राहिलो आहोत. बायकोने सुरुवातीला खूप अर्ज केले. सगळीकडून गोड भाषेत एकच उत्तर यायचं, इथला अनुभव हवा. तो मिळणार कुठून, हे कुणी सांगत नव्हतं. शेवटी ती एका फार्मसीच्या काउंटरवर उभी राहिली, आणि तिथेच राहिली. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. मला तेच जास्त लागायचं.

मग गेल्या वर्षी आमच्या दक्षिणेला, जिथे घरं संपून गुरांची कुरणं सुरू होतात, तिथल्या एका छोट्या संग्रहालयात आम्ही सहज शिरलो. लाकडी हॉल, गावातले लोकच तो चालवतात. एका काचेच्या पेटीत बाईची जुनी शेमीज घडी घालून ठेवली होती. बायको बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि मग तिथल्या प्रमुख बाईंना म्हणाली, "या घडीवर ती फाटेल." त्या बाई निवृत्त शिक्षिका. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा, सांगा."

त्यातून हे काम आलं. एका शेतकरी घराण्याने एक ट्रंक दिली होती. आत पणजीचे आतले कपडे होते: शेमीज, गुडघ्यापर्यंतच्या विजारी, परकर, आणि हा कॉर्सेट. बायका वरच्या झग्याखाली काय घालत याचं प्रदर्शन त्यांना इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरात, भरवायचं होतं. बाई म्हणाल्या, "हे नीट करून दे. मग समितीपुढे मी अर्धवेळ जागेचं बोलते." संग्रहालयात नीटशी मोरी नव्हती, म्हणून वस्तू आमच्या घरी आल्या.

कॉर्सेट म्हणजे बड्या घरच्या बायका श्वास कोंडेपर्यंत आवळतात ते, अशी माझी समजूत होती. बायको हसली. "हा तसला नाही. तसल्यांत देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालायचे, महाग असायचे. याच्यात नुसत्या सुती दोऱ्या शिवल्यात, रांगेने. ही कामाला जाणारी बाई होती." तिने भिंग माझ्या हातात दिलं. कमरेपाशी दोऱ्यांच्या रांगा झिजून आतून तुटल्या होत्या. "इथे बघ. रोज वाकायची. गाई पिळत असेल, नाहीतर बटाटे काढत असेल." दोन्ही बाजूंना वेगळ्या कापडाचे तुकडे जोडून तो सैल केलेला होता, पुन्हा टाके उसवून घट्ट केलेला, पुन्हा सैल. "मुलं," बायको म्हणाली. छातीपाशी दोन झडपा होत्या, बटणं लावलेल्या. त्या कशासाठी हे मला कळलं आणि मी भिंग खाली ठेवलं.

"लाजतोस कसला?" ती म्हणाली. "तुझी आईपण घरी बॉडी शिवायचीच ना?"

शिवायची. पण ती दोरीवर दिसायची नाही. आमच्याकडे, म्हणजे मी वाढलो त्या घरात आणि शेजारीपाजारीही, बायकांचे आतले कपडे नुसते वाळत घालत नसत. आधी ते दोरीवर टाकायचे, त्यावर टॉवेल किंवा परकर पसरायचा, मग चिमटे लावायचे. वारा आला आणि टॉवेल सरकला तर जो कुणी आधी बघेल त्याने तो सारखा करायचा. असं करायचं म्हणून मला कुणी शिकवलं नाही. मी बघत आलो, एवढंच. इथे आल्यावरही आमच्या मागच्या अंगणातल्या दोरीवर मी तेच करत आलो. मुलगी मोठी झाली तेव्हा एकदा तिला म्हणालो, तुझे कपडे आतल्या तारेवर घाल, बाहेरच्या तारेवर चादरी असू देत. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट वॉशिंग." आणि त्यानंतर तिने स्वतःचे कपडे स्वतःच्या खोलीत वाळत घालायला सुरुवात केली. ऑकलंडच्या दमट हवेत ते दोन-दोन दिवस वाळत नसत. ते मला दिसत होतं, आणि मी विषय काढला नाही.

त्या शनिवारी सकाळी बायकोने कॉर्सेट धुतला. त्याआधीचा आठवडाभर ती त्याचीच तयारी करत होती. समोरची पोलादी पट्टी गंजू नये म्हणून टाके एकेक उसवून तिने ती बाहेर काढून ठेवली होती. मोठ्या पसरट ट्रेमध्ये शुद्ध केलेलं पाणी, त्यात तो जाळीवर आडवा, वरून फक्त स्पंजने दाबायचं, चोळायचं नाही, उचलायचं नाही. पाणी चहासारखं पिवळं होत गेलं. चौथ्या-पाचव्यांदा पाणी बदलल्यावर कापडाचा मूळचा रंग वर आला, साईसारखा. ती गुणगुणत होती. आमच्या घरात मी ते फार वर्षांनी ऐकलं.

मागच्या डेकवर, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओसरीवर, छपराच्या सावलीत, तिने जाळीचा दोन मजली रॅक मांडला. खालच्या जाळीवर दोन कडांना आदल्या दिवशी धुतलेली शेमीज आणि विजार, वरच्या जाळीवर कॉर्सेट, आणि सगळ्याच्या खाली पांढरा ट्रे, ठिबकणारं पाणी पकडायला. "संध्याकाळपर्यंत सावकाश वाळू दे," ती मला म्हणाली. "पाऊस आला तर रॅक उचलून आत घे. बाकी कशाला हात लावू नकोस." मग ती आणि मुलगी सँडरिंगहॅमला, आपल्याकडच्या दुकानांच्या भागात, दिवाळीचं सामान आणायला गेल्या.

मी हात लावणार नव्हतो. मी दुसरीच कामं करत होतो. बहिणीने नवी सोलापुरी चादर पाठवली होती, गडद लाल, काळ्या काठाची. ती पहिल्यांदा धुऊन अंगणातल्या तारेवर टाकली. मग आत येऊन कांदे चिरत होतो, तेवढ्यात ड्राइव्हवेत गाडी आली. काका-काकू.

ते सख्खे काका नव्हेत. काका निवृत्त डॉक्टर, इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ. आम्ही या देशात उतरलो तेव्हा पहिले काही आठवडे आम्ही त्यांच्याच गराजशेजारच्या खोलीत राहिलो होतो. मुलीला ताप आला तेव्हा मध्यरात्री काका उठले होते. त्या दोघांसमोर मी आजही खुर्चीत मागे टेकून बसत नाही. ते नेहमीसारखे न सांगता आले होते, आणि आमच्या बैठकीच्या खोलीची पूर्ण भिंतभर काचेची सरकती दारं थेट डेकवर उघडतात.

मला डेक दिसला. त्यावर मधोमध तो रॅक. वर छाती आणि कमर दाखवणारा ओला कॉर्सेट, खाली पाय पसरलेली विजार. बैठकीत सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर.

मी विचार केला असं मला म्हणता येत नाही. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो, तारेवरची चादर ओढली आणि रॅकवर पसरली. चारी बाजूंनी नीट खाली ओढली, कोपरे सारखे केले. मग हात पुसत पुढचं दार उघडलं. आतून मला बरं वाटत होतं, वेळेवर सुचलं म्हणून.

"अरे, एकटाच?" काकू आत येत म्हणाल्या. "ती कुठे गेली?"

"सँडरिंगहॅमला, काकू. दिवाळीचं सामान."

"बघा, मी यांना म्हणत होते फोन करू. तर म्हणे, आपल्याच घरी फोन कसला."

"आपलंच घर आहे," मी म्हणालो. काका सोफ्यावर बसले, डेककडे तोंड करून. काकू त्यांच्या शेजारी. मी समोरच्या खुर्चीत, डेककडे पाठ. चहा टाकला, चिवडा काढला. काकांनी दिवाळीच्या कार्यक्रमाच्या हॉलचं सांगायला सुरुवात केली. नेहमीचा हॉल मिळत नव्हता, दुसरा मिळत होता त्याला स्वयंपाकघर नव्हतं.

चहाचे कप घेऊन मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो तेव्हा दारातून मला ट्रे दिसला. पांढऱ्या ट्रेमध्ये लाल थेंब पडत होते.

सुरुवातीला मला काही कळलंच नाही. मग कळलं. ओली चादर स्वतःच्या वजनाने मध्ये झोलली होती आणि खालच्या ओल्या कॉर्सेटवर टेकली होती. नवी सोलापुरी चादर पहिल्या धुण्यात रंग सोडते, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ती वेगळी धुवायची असते. मी ती वेगळीच धुतली होती, आणि मग नेऊन तिथे घातली होती.

एक थेंब, मग थांबून दुसरा. ट्रेच्या कडेला फिकट गुलाबी पट्टा पसरत चालला होता.

मला दोन पावलं टाकून दार सरकवायचं होतं आणि चादर उचलायची होती. एवढंच. चादर उचलली असती तर काका-काकूंना तो कॉर्सेट दिसला असता, ती विजार दिसली असती. त्यांनी विचारलं असतं, हे काय रे. मला सांगावं लागलं असतं. मी कप त्यांच्यासमोर ठेवले, आणि बसलो.

बसलो. हेच मला सांगायचं आहे. चादर टाकली ती घाईत टाकली, ती चूक मी सवयीवर ढकलू शकतो. बसलो ते मात्र मी बसलो.

"तुझा चेहरा का असा?" काकू म्हणाल्या. "बरं नाही का?"

"नाही नाही. झोप नीट नाही झाली."

"ऑफिसचं टेन्शन," काका म्हणाले. "इथे लोक म्हणतात स्वीट ॲज, स्वीट ॲज, सगळं मस्त, आणि आतून सगळे गोळ्या खातात. मी किती जणांना लिहून दिल्या."

काकू हसल्या. मीही हसलो. माझ्या पाठीमागे थेंब पडत होता, किंवा पडून गेला होता, किंवा आता पडणार होता. ऐकू येत नव्हता, तरी मी तो ऐकत होतो. मी मनात हिशेब करत होतो की काकांचा कप अर्धा झाला आहे, कप संपला की उठतील. काकांनी कप संपवला आणि म्हणाले, "अजून थोडा टाकतोस का? तुझा चहा चांगला होतो."

मी टाकला. दूध उकळेपर्यंत ओट्याशी उभा राहिलो. तिथूनही काचेतून चादर दिसत होती. काका-काकूंना बाथरूम दाखवावं, त्यांना पुढच्या अंगणातलं लिंबाचं झाड दाखवायला न्यावं, तेवढ्यात मागून जाऊन उचलावी, असे सगळे विचार मी केले. प्रत्येक विचार ठीक होता. मी एकही अमलात आणला नाही, कारण प्रत्येकाला उठून काहीतरी बोलावं लागत होतं, आणि मला वाटत होतं की मी तोंड उघडलं की त्यांना कळेल.

"मुलगी काय घेणार पुढे?" काकूंनी विचारलं.

"नक्की नाही अजून."

"आईसारखं कापडाचं काही नको म्हणावं. आपल्याकडे ठीक. इथे काय उपयोग होतो?"

मला बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हो, बघू."

ते गेले. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात हात हलवत उभा राहिलो, कारण तसं करायचं असतं. मग धावलो.

चादर उचलली. डाव्या छातीवर, झडपेच्या खाली, आणि तिथून कमरेपर्यंत लाल डाग होता. मधोमध गडद, कडेला गुलाबी. दोऱ्यांच्या रांगांमध्ये रंग ओघळून गेला होता, त्यामुळे त्या रांगा आता एकेक वेगळ्या दिसत होत्या. खालची शेमीज आणि विजार वाचली होती, फक्त शेमीजच्या बाहीवर एक थेंब.

मी फोन हातात घेतला आणि ठेवला. सिंकखालून ब्लीचची बाटली काढली. झाकण उघडलं. तेवढी अक्कल शिल्लक होती की ते पुन्हा लावलं. मग रॅक उचलून आत घेतला, पाऊस नव्हता तरी, आणि टेबलाशेजारी उभा राहिलो.

त्या आल्या तेव्हा मुलगी आधी आत आली, हातात पिशव्या. तिने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा. व्हॉट डिड यू डू?"

बायकोने पिशव्या दारातच सोडल्या. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने बोटाच्या पाठीने डाग हलकेच चाचपला आणि म्हणाली, "ओलं आहे अजून. ओलं आहे तोवर काहीतरी होईल. ट्रे धू. मोठा. पटकन." मग मुलीला, "माझे ग्लोव्हज. आणि शोषून घ्यायचे कागद, खोलीत, पलंगाखाली."

मी सांगितलं. काका-काकू आले, समोर दिसत होतं, म्हणून मी चादर टाकली.

"चादर," ती म्हणाली. मान वर न करता. "आतले कपडे दिसत होते म्हणून."

"हो."

मुलगी हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "शी इज डेड, बाबा. शंभर वर्षांपूर्वी. हू इज लुकिंग?"

"तू थांब," बायको तिला म्हणाली. मग मला, "किती वेळ होती ती वर? हे महत्त्वाचं आहे, नीट सांग. थोडाच वेळ असेल तर गार पाण्याने निघेल. जास्त असेल तर कोमट पाणी आणि साबण लागेल, आणि कोमट पाण्यात या आतल्या दोऱ्या आकसायची भीती आहे. मग याचा आकारच जाईल. विनाकारण मला ते करायचं नाही."

मी म्हणालो, "पाच-दहा मिनिटं. ते लगेच गेले."

आमच्या सिंकमध्ये अजून चार कप पडले होते. दोन जण, दोन फेऱ्या. पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

तिने गार पाणी घेतलं. ट्रे बदलत राहिली. स्पंज दाबायची, कागद टेकवायची, कागदावर गुलाबी छाप उठायचा, कागद बाजूला. मुलगी दुसरा द्यायची. सुरुवातीला छाप गडद होते, मग फिकट, मग जवळजवळ काहीच नाही. पण डाग तसाच होता. कागद कोरा येत होता आणि डाग तिथेच होता.

"असं का होतंय?" ती म्हणाली. स्वतःशीच. "पाच-दहा मिनिटांत एवढा बसत नाही." तिने मनगटाने कपाळ पुसलं. "कदाचित माझंच पाणी काही चुकलं असेल. मी आधी बघायला हवं होतं, कापडात आम्ल उरलंय का ते." ती स्वतःच्या कामात चूक शोधू लागली. तिने सकाळचं सगळं पुन्हा मनात सुरू केलं, कोणता साबण, किती पाणी, आणि तिचा आवाज बारीक होत गेला. त्या आवाजात मी तिला फार वर्षांपूर्वी, ते गोड नकार यायचे तेव्हा ऐकलं होतं.

मी म्हणालो, "तासाहून जास्त."

तिने स्पंज ट्रेच्या कडेवर ठेवला.

"ते तासाहून जास्त बसले होते. चहा दोनदा झाला. मला पहिल्या चहालाच दिसलं होतं, ट्रेमध्ये थेंब पडत होते. मी उठलो नाही."

मुलीच्या हातातला कागद तसाच राहिला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं होतं त्याहून तिचं बघणं फार साधं होतं. काहीतरी समजून घेत असल्यासारखं.

"तुला दिसलं."

"हो."

"आणि तू त्यांना दुसरा चहा दिलास."

"हो."

"त्यांनी काय पाहिलं असतं रे?" तिने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. "तू चादर उचलली असतीस तर काय पाहिलं असतं त्यांनी? काका डॉक्टर आहेत. काकू बाई आहेत. तुझी बायको काय काम करते, ते पाहिलं असतं. एवढंच ना?"

मी भिजलेले कागद गोळा करायला लागलो. तिने ट्रेमधलं गार पाणी ओतून टाकलं. मग म्हणाली, "किटली लाव. कोमट लागेल आता."

कोमट पाण्याने रंग सुटायला लागला. सगळा नाही, पण गडद भाग उतरून गुलाबी झाला, कडा विरल्या. एका जागी कमरेपाशी दोन दोऱ्या आकसल्या आणि कापड तिथे चुणलं. तिने ते बोटांनी ताणून, काचेच्या छोट्या वजनांखाली धरून सरळ केलं, जेवढं होईल तेवढं. दिवस मावळला तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "याहून जास्त केलं तर कापड जाईल. एवढंच."

मला विचारायचं होतं, एवढंच म्हणजे किती. मी खोलीतला दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संग्रहालयाच्या बाईंना फोन केला. मी शेजारच्या खोलीत होतो. तिने काहीही झाकलं नाही. माझ्यावरही ढकललं नाही, ती म्हणाली, "वस्तू माझ्या ताब्यात होती, माझ्या घरी खराब झाली." बाई म्हणाल्या की त्या येतात. त्या येईपर्यंत मी दोनदा फरशी पुसली.

बाई आल्या, इथल्या माओरी पद्धतीने "किया ओरा" म्हणाल्या, बूट दारात काढले. उंच, खांद्यात वाकलेल्या. टेबलापाशी बराच वेळ वाकून पाहिलं. मग विचारलं, "हे झालं कसं?"

बायको म्हणाली, "हा सांगेल."

मी इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे आतले कपडे उघडे वाळत घालत नाहीत, वरून काहीतरी टाकतात, पाहुणे आले होते. इंग्रजीत ते फारच वेडगळ वाटत होतं. मी चहाचंही सांगितलं. थांबलो तेव्हा माझे कान तापले होते.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी आई आतले कपडे उशीच्या अभ्र्यात घालून वाळवायची. रविवारी तर दोरीवर काहीच नाही. पाद्रीबाबा रस्त्याने जायचे ना." मला हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पण तिला रंग पसरताना दिसला असता तर तिने पाद्रीबाबांना दारात उभं करून धाव घेतली असती. कपडे महाग होते." आणि बायकोकडे वळल्या.

त्या दोघी बोलत होत्या तेव्हा मी उभाच होतो. ट्रंक देणाऱ्या घराण्याला बाई स्वतः सांगणार होत्या. प्रदर्शनात कॉर्सेट ठेवायचा की नाही ते ते लोक ठरवतील. अर्धवेळ जागेचं आता समितीपुढे लगेच नेता येणार नाही, निदान प्रदर्शन होईपर्यंत तरी नाही. बायको प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. मग बाई म्हणाल्या, "मात्र यापुढे काही घरी आणायचं नाही. मागच्या खोलीत आम्ही मोठं सिंक बसवून घेतो. तू तिथे येऊन काम कर. येशील ना?"

"येईन," बायको म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की बाई हसल्या.

दोघींनी मिळून सगळं पेटीत भरलं, मऊ कागदांच्या घड्या मध्ये घालून. पेटी मोठी होती. मी पुढे झालो. बायको म्हणाली, "राहू दे. मी घेते." रागाने म्हणाली नाही. पेटी गाडीत नेऊन ठेवली, परत आली, कालच्या पिशव्यांतलं सामान काढून फडताळात लावायला लागली. आम्ही जेवणाच्या टेबलावर जेवायला लागलो.

आता शनिवारी ती संग्रहालयात जाते. फार्मसीचे दिवसही तिने कमी करून घेतले आहेत. कॉर्सेट प्रदर्शनात ठेवला आहे. त्या घराण्यातल्या आजीबाई म्हणाल्या म्हणे, आमच्या पणजीने त्याहून वाईट डाग पाडले असतील. हे मला मुलीकडून कळलं. मुलगी आईबरोबर जाते, तिथे पाट्या लिहायला मदत करते. तिने हल्ली तिचे कपडे बाहेरच्या तारेवर घालायला सुरुवात केली आहे, समोरच्याच तारेवर. मी तिकडे बघत नाही, आणि बघत नाही हेही तिला दिसतं. जागेचं काय होणार ते समिती उन्हाळ्याअखेर ठरवेल. त्या विषयावर बायको बोलत नाही, आणि रोज सकाळी मेल उघडताना तिचा चेहरा कसा होतो ते मी चोरून बघतो.

गेल्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "आज काय होतं?"

"परकर."

"कुणाचा?"

"एका बाईचा." ती घड्याळ काढून ठेवत होती. मग तिलाच ते कमी वाटलं असेल. "सहा पट्ट्यांचा. खालून चिखलाने कडक झालेला. छान आहे."

"मी येऊन बघितलं तर चालेल?" मी म्हणालो. "प्रदर्शन म्हणतोय. कॉर्सेट."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दहा ते दोन उघडं असतं," ती म्हणाली. "कुणीही येऊ शकतं. काका-काकूसुद्धा येऊन गेले."

मला वाटलं, ती पुढे काही सांगेल. काय म्हणाले, डाग दिसला का, तिने त्यांना काय सांगितलं. ती आंघोळीला गेली. मी पाण्याचा आवाज ऐकत दाराबाहेर उभा होतो. विचारायचं तर तिलाच विचारावं लागेल, किंवा त्यांना फोन करावा लागेल. मी अजून दोन्ही केलेलं नाही. येत्या शनिवारी जायचं असं ठरवलं आहे, उघडतात तेव्हाच, गर्दी व्हायच्या आत. पण त्यातसुद्धा, कुणी बघायच्या आत जायचं, हेच मी ठरवतो आहे, हे मला इथे लिहिताना दिसलं. तेव्हा दुपारी बाराला जाईन.